पगार सुटण्याआधी हात बसू द्या: चाळिशीनंतर लेखनाकडे वळताना

मी २१ वर्षं लेखा विभागात काम केलं. जमाखर्च, ताळेबंद, वर्षअखेरीची धावपळ, लेखापरीक्षकांच्या शंकांना उत्तरं. ४५व्या वर्षी रोज लिहायला बसू लागले आणि ४८व्या वर्षी नोकरी सोडली. ऐकणाऱ्यांना माझी गोष्ट राजीनाम्याच्या दिवशी सुरू झाली असं वाटतं. खरं तर जे बदलायचं होतं ते त्याआधीच्या तीन वर्षांत बदलून झालं होतं. राजीनामा ही नंतरची कागदोपत्री बाब होती.

आता ओळखीपाळखीतलं कुणी विचारतं, "नोकरी कधी सोडू?" तेव्हा मी उलट विचारते, "गेल्या आठवड्यात किती दिवस लिहिलंत?" बहुतेकदा उत्तर शून्य असतं. मनात कथा असते, वर्षानुवर्षं जपलेली इच्छा असते, पण हात बसलेला नसतो. हात बसायला वेळ लागतो आणि तो वेळ पगार चालू असतानाच द्यावा. म्हणून हा लेख मुख्यतः नोकरीत असतानाच्या काळाबद्दल आहे.

उशीर झाला का, या प्रश्नावर फार थांबत नाही. पेनेलोपी फिट्झजेराल्ड यांचं पहिलं पुस्तक १९७५ साली आलं तेव्हा त्या ५८ वर्षांच्या होत्या आणि १९७९ साली त्यांना बुकर पारितोषिक मिळालं. फ्रँक मकोर्ट यांनी न्यूयॉर्कच्या शाळांत जवळजवळ ३० वर्षं शिकवलं. त्यांचं पहिलं पुस्तक १९९६ साली, वयाच्या ६६व्या वर्षी निघालं आणि पुढच्याच वर्षी त्याला पुलित्झर मिळालं. बक्षिसांच्या भरवशावर बेत आखू नका, पण एक लक्षात घ्या. मकोर्ट वर्गात मुलांना लिहायला शिकवत होते, म्हणजे पुस्तक यायच्या कितीतरी आधीपासून भाषेशी त्यांची रोजची उठबस होती.

लिहायचं आहे, की इथून सुटायचं आहे?

या दोन इच्छा बाहेरून सारख्याच दिसतात. नोकरीचा वीट आला की जुनी आवड आठवते आणि ती आवड हेच सुटकेचं दार आहे असं वाटू लागतं. तपासायचा एक मार्ग सांगते. कल्पना करा की उद्यापासून तुमचा साहेब बदलला, काम सुसह्य झालं, पगारही वाढला. तरीही तुम्ही संध्याकाळी लिहायला बसाल का? उत्तर "मग घाई नाही" असं आलं तर आधी नोकरीच बदलून पाहा. तो सोपा उपाय आहे आणि त्यात कमीपणा नाही.

दुसरी परीक्षा अधिक कडक आहे. साठवलेल्या रजेतून सात दिवस काढा, कुठेही जाऊ नका आणि रोज चार तास फक्त लिहा. पहिले दोन दिवस उत्साहाचे जातात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुचेनासं होतं आणि खरं लेखन तिथून सुरू होतं. माझ्या पहिल्या अशा आठवड्यात चौथ्या दिवशी मी कपाटं आवरायला घेतली होती. वर्षभराने पुन्हा रजा घेतली तेव्हा चौथ्या दिवशी अडले, पण टेबलापासून उठले नाही. त्या दोन आठवड्यांतला फरक हाच माझ्या निर्णयाचा पहिला पुरावा ठरला.

याच टप्प्यावर हेही ठरवा की लिहायचं काय. कथा, कादंबरी, आठवणी, मुलांसाठीचं लेखन, सदर, भाषांतर, पटकथा, एखाद्या विषयावरचं माहितीपर पुस्तक. या प्रत्येकाची रीत, लागणारा वेळ आणि पैसे येण्याची वाट वेगळी आहे. "मला लेखक व्हायचंय" या वाक्यावरून वेळापत्रक आखता येत नाही. "मला दोन वर्षांत बारा कथा पुऱ्या करायच्या आहेत" या वाक्यावरून येतं.

तास कुठून आणायचे

एक आठवडा अर्ध्या-अर्ध्या तासाची नोंद ठेवा. काय केलं ते लिहायचं, स्वतःला रागवायचं नाही. आठवड्याच्या शेवटी निदान पाच-सहा तास सापडतात. काही फोनवर गेलेले असतात, काही "थोडं पडते" म्हणून गेलेले. ते सगळे वसूल होणार नाहीत, निम्मे झाले तरी पुरे.

मग ठरावीक वेळ बांधा. ती वेळ दिवसाच्या सुरुवातीची असेल तर उत्तम, कारण दिवसभर इतरांचे प्रश्न सोडवून आलेल्या डोक्यात स्वतःच्या वाक्यांना फारशी जागा उरत नाही. अमेरिकन कादंबरीकार टोनी मॉरिसन प्रकाशन संस्थेत संपादक होत्या, घरी दोन लहान मुलं होती आणि त्या उजाडायच्या आत लिहायच्या. इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रॉलप १८३४पासून ब्रिटिश टपाल खात्यात नोकरीला होते. ते पहाटे साडेपाचला टेबलाशी बसत, पहिला अर्धा तास आदल्या दिवशीचं लिखाण वाचत आणि मग घड्याळ समोर ठेवून दर पाव तासाला २५० शब्द लिहीत. एवढा वेग आपल्याला नको. आदल्या दिवशीचं वाचून सुरुवात करायची युक्ती मात्र जशीच्या तशी उचलावी. कोऱ्या पानाची धास्ती तिने निम्मी होते.

हिशोब करून पाहा. दिवसाला ३०० शब्द, आठवड्याला पाच दिवस, म्हणजे १,५०० शब्द. वर्षाचे ५० आठवडे धरले तर ७५,००० शब्द होतात. एका पुस्तकाच्या कच्च्या खर्ड्याला एवढं पुरतं. त्यातले निम्मे फेकून द्यावे लागले तरी दोन वर्षांत हातात काहीतरी उरतं. ३०० शब्द म्हणजे हाताने लिहिलेलं साधारण दीड पान.

एक वही करा. तारीख, किती वेळ बसलात, किती शब्द झाले आणि कुठे अडलं, असे चार रकाने. शेवटचा रकाना सगळ्यात मोलाचा. सहा महिन्यांनी माझी वही चाळली तर "संवाद जमत नाही" हे अकरा वेळा लिहिलेलं दिसलं. पुढचे दोन महिने मी फक्त संवाद लिहिले.

दिवस चुकतील. आजारपण येईल, पाहुणे येतील, कार्यालयात वर्षअखेर येईल. चुकलेल्या दिवसाचे शब्द दुसऱ्या दिवशी भरून काढायला जाऊ नका. थकबाकी चढत गेली की माणूस वही उघडायलाच घाबरतो. चुकला तो दिवस सोडून द्या आणि आजचे ३०० लिहा.

कार्यालयाची भाषा हातातून काढणं

या भागावर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण मध्यमवयात लिहायला लागणाऱ्याची खरी अडचण इथे असते आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. वीस-पंचवीस वर्षं आपण रोज काहीतरी लिहितच असतो. पत्रं, अहवाल, टिपणं. आपल्याला वाटतं की लिहायची सवय आहे. सवय असतेच, पण चुकीच्या वळणाची. कार्यालयीन मराठीत कर्ता लपवायचा असतो, जबाबदारी अंगावर येऊ द्यायची नसते, प्रत्येक विधान सुरक्षित ठेवायचं असतं. कथेत किंवा लेखात नेमकं याच्या उलट हवं असतं.

माझ्या पहिल्या कथेतलं एक वाक्य असं होतं: "सदर विषयाबाबत त्याच्या मनात नाराजी निर्माण झाल्याचे तिच्या निदर्शनास आले." हे मी प्रेमकथेत लिहिलं होतं. नंतर ते "तो रुसलाय हे तिला कळलं" असं झालं. दहा शब्दांचे पाच झाले आणि माणसं जिवंत झाली.

म्हणून खर्डा झाला की एक फेरी फक्त यासाठी करा. "करण्यात आले", "च्या माध्यमातून", "अनुषंगाने", "सदर", "तसेच", "बाबत" या शब्दांखाली रेघ मारा. प्रत्येक ठिकाणी विचारा, हे कुणी केलं? तो माणूस वाक्यात आणा. मग मोठ्याने वाचा. जिथे श्वास पुरत नाही तिथे वाक्य तोडा. जिथे आपणच बोलताना असं म्हणणार नाही, तिथे बोलतो तसं लिहा.

प्रत्येक व्यवसायाचं आपलं वळण असतं. शिक्षकांना परिच्छेदाच्या शेवटी तात्पर्य सांगायची सवय असते. वकील प्रत्येक विधानाला अपवाद जोडतात. विक्रीत आयुष्य घालवलेल्यांच्या हातून विशेषणं सांडतात. अभियंते पात्र खोलीत शिरायच्या आधी खोलीची मापं देतात. आपलं वळण ओळखलं की अर्धं काम झालं.

नवं वळण लावायला दोन जुने सराव आहेत आणि दोन्ही मी केले. बेंजामिन फ्रँकलिन यांनी आत्मचरित्रात सांगितलेला सराव असा: आवडलेला लेख घ्यायचा, प्रत्येक वाक्याचा आशय दोन-चार शब्दांत टिपून ठेवायचा, मूळ लेख काही दिवस बाजूला सारायचा आणि मग टिपणांवरून तो आपल्या शब्दांत पुन्हा लिहायचा. शेवटी मूळाशी ताडून पाहायचं. दुसरा सराव रेमंड चँडलर यांचा. १९३२ साली, ४४व्या वर्षी, तेल कंपनीतली त्यांची नोकरी गेली आणि ते गुन्हेगारी कथांकडे वळले. त्यांनी छापून आलेली एक दीर्घकथा घेतली, तिचा तपशीलवार आराखडा काढला, त्यावरून स्वतः कथा लिहिली आणि मूळ कथेशी तुलना केली. पहिली कथा पुरी करायला त्यांना पाच महिने लागले. ती १९३३ साली छापून आली, पहिली कादंबरी १९३९ साली. असा सराव छापायला द्यायचा नसतो, तो वहीतच राहतो. पण लेखक कुठे थांबला, कुठे वगळलं, कुठे घाई केली हे नुसत्या वाचनातून कळत नाही, ते असं लिहून पाहिल्यावर कळतं.

यातच एक व्यवहाराची गोष्ट. देवनागरी युनिकोडमध्ये टंकलेखन शिकून घ्या. इनस्क्रिप्ट हा कळफलक शिकलात तर वेग चांगला येतो, फोनेटिकने, म्हणजे इंग्रजी अक्षरांत उच्चाराप्रमाणे टंकून, सुरुवात सोपी होते. संपादकाला फोटो काढलेली हस्तलिखित पानं पाठवायचे दिवस सरले. आणि प्रमाणलेखनाचे नियम एकदा नीट वाचा. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांनी भरलेला मजकूर संपादक दोन परिच्छेदांपलीकडे वाचेलच असं नाही.

तुमच्याकडे असलेला माल

विशीतल्या लेखकाकडे वेळ असतो, तुमच्याकडे माल असतो. वीस वर्षं एका व्यवसायात राहिलेल्या माणसाला जे दिसतं ते बाहेरच्याला दिसत नाही. परिचारिकेला माहीत असतं की रात्रपाळीत तीन वाजता रुग्णाचे नातेवाईक काय विचारतात. दुकानदार उधारी मागायला आलेला चेहरा दारातच ओळखतो. मला माहीत आहे की खोटं व्हाउचर बनवणारा माणूस पहिल्यांदा ते कसं बनवतो: रक्कम अगदी लहान ठेवतो आणि ती पूर्णांकात कधीच लिहीत नाही.

यादी करा. कोणती कामं हातून केली, कोणती भांडणं पाहिली, कोणत्या गोष्टी तुमच्या व्यवसायात सगळ्यांना ठाऊक असतात पण बाहेर कुणी बोलत नाही. माझी यादी चार पानांची झाली. आजवरच्या माझ्या लेखनातलं निम्मं तिच्यातून आलं आहे.

मात्र हद्द पाळा. रुग्ण, अशील, ग्राहक, सहकारी यांची गुपितं आपली मालमत्ता नव्हे. नाव बदललं म्हणजे काम झालं असं नाही. गाव, वय, व्यवसाय, घटनेचा क्रम बदलूनही ती व्यक्ती स्वतःला ओळखेल का, हा प्रश्न विचारा. आणि नोकरीत असताना लिहिणार असाल तर नेमणूकपत्र काढून वाचा. बाहेरच्या कामावर बंदी, गोपनीयतेच्या अटी, कार्यालयाच्या वेळेत किंवा साधनांवर तयार केलेल्या मजकुरावर मालकाचा हक्क, अशी कलमं त्यात असू शकतात. अनेक ठिकाणी सरकारी सेवेत मोबदल्याच्या लेखनासाठी पूर्वपरवानगी लागते. कथा कार्यालयाच्या संगणकावर कधीही लिहू नका.

परके डोळे

घरच्यांना वाचायला द्या, पण त्यांच्या मतावर खर्डा बदलू नका. ते तुम्हाला वाचतात, मजकुराला नव्हे. तीन वाचक शोधा: एक खूप वाचणारा, एक स्वतः लिहिणारा आणि एक तुमच्या व्यवसायाशी काडीचाही संबंध नसलेला. त्यांना "कसं वाटलं?" विचारू नका, कारण "छान" याशिवाय काही हाती लागत नाही. विचारा: कुठे कंटाळा आला? कुठे परत मागे जाऊन वाचावं लागलं? शेवटी कोणतं पात्र लक्षात राहिलं? तिघांनी एकाच जागी बोट ठेवलं तर ती जागा बदला. एकानेच ठेवलं तर विचार करा.

कार्यशाळा, अभ्यासक्रम यांतून शिस्त आणि सोबत मिळते. पण आधी सहा महिने वही भरा, मग पैसे भरा. प्रश्न घेऊन गेलात तरच तिथून काही घेऊन याल.

इथे मनाचीही तयारी लागते. कार्यालयात तुम्ही अनुभवी असता, कनिष्ठ लोक विचारायला येतात. लेखनात तुम्ही नवशिके असता आणि तुमच्या निम्म्या वयाचा संपादक तुमच्या वाक्यावर काट मारतो. मला हे पहिलं वर्षभर जड गेलं. नंतर मी तसं परत आलेलं प्रत्येक पान वेगळं जपून ठेवलं, कारण इतकं बारकाईने माझं लेखन त्याआधी कुणी वाचलं नव्हतं.

पाठवणं आणि वाट पाहणं

लहानापासून सुरुवात करा. एकदम ३०० पानांची कादंबरी घेऊन प्रकाशकाकडे जाण्याआधी कथा, लेख, पुस्तक परीक्षणं पाठवा. पाठवण्याआधी त्या नियतकालिकाचे निदान तीन अंक वाचा. शब्दमर्यादा पाळा. सोबतचं पत्र चार ओळींचं असावं: मजकूर काय आहे, किती शब्दांचा आहे, तुम्ही कोण आणि पूर्वी काही छापलं असल्यास ते. आयुष्याची कहाणी त्यात नको. एकच मजकूर एका वेळी अनेकांकडे पाठवणं चालतं का ते त्यांच्या सूचनांत बघा आणि एकाने स्वीकारला तर बाकीच्यांना त्याच दिवशी कळवा.

यासाठीही तक्ता हवा: काय पाठवलं, कुठे, कधी, उत्तर काय. उत्तर कधी येईल असं सांगितलं असेल ती मुदत उलटल्यावर एकदा नम्रपणे विचारावं. मग पुढच्या जागी पाठवावं.

मौन सगळ्यात वाईट. पोर्तुगीज लेखक जुझे सारामागो यांची दुसरी कादंबरी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला प्रकाशकाकडे गेली आणि तिचं उत्तरच आलं नाही. दशकांनंतर तेच हस्तलिखित प्रकाशकाला सापडलं, पण तोवर ते छापायची सारामागोंची इच्छा उरली नव्हती. १९७५ साली, ५३व्या वर्षी, त्यांची वृत्तपत्रातली नोकरी गेली. त्यानंतर भाषांतरं करून पोट भरत त्यांनी पूर्णवेळ लेखन सुरू केलं. नोबेल मिळालं १९९८ साली. या गोष्टीत मला नोबेलपेक्षा भाषांतरं महत्त्वाची वाटतात आणि त्यावरून पुढच्या मुद्द्याकडे येते.

पैशाचा हिशोब, न लाजता

पुस्तकाच्या मिळकतीचा अंदाज सोपा आहे. रॉयल्टी, म्हणजे विकलेल्या प्रत्येक प्रतीच्या किमतीतला लेखकाचा वाटा, १० टक्के धरा आणि आवृत्ती १,००० प्रतींची. सगळ्या प्रती विकल्या गेल्या तर तुमच्या हाती १०० प्रतींच्या किमतीइतके पैसे येतात. पुस्तकाला दोन वर्षं लागली असतील आणि आवृत्ती संपायला आणखी काही वर्षं लागतील. तुमच्या महिन्याच्या खर्चाशी हे ताडून पाहा. फार थोड्यांचं घर फक्त पुस्तकांवर चालतं.

म्हणून मिळकत तीन वाटांनी आणावी लागते. पहिली वाट मनाच्या लेखनाची, जिच्यावर सुरुवातीला काहीच धरू नये. दुसरी भाषेच्या कामाची: भाषांतर, संपादन, मुद्रितशोधन, दुसऱ्यासाठीचं शब्दांकन, संहितालेखन. तिसरी तुमच्या जुन्या व्यवसायाच्या ज्ञानाची: त्या विषयावरचं माहितीपर लेखन, प्रशिक्षणाची पुस्तिका, अर्धवेळ सल्ला. तिसऱ्या वाटेला लोक कमी लेखतात. मला पहिली दोन वर्षं तिनेच तारलं. सर्वसाधारण माहितीचे लेख आता यंत्रंही लिहून देतात. पंचवीस वर्षं एखादं काम स्वतः केलेल्या माणसाकडे जे सांगण्यासारखं असतं, ते त्यांच्याकडे नसतं.

आता शिलकीचा हिशोब. घरखर्च महिन्याला १०० भाग धरा. त्यातले टाळताच येणार नाहीत असे समजा ७० आहेत: घर, किराणा, शिक्षण, औषधं, हप्ते. १८ महिन्यांचे असे १,२६० भाग बाजूला हवेत. लेखनाच्या तिन्ही वाटांतून महिन्याला सरासरी २० भाग येऊ लागले तर तूट ५० भागांची राहते आणि तीच शिल्लक २५ महिने पुरते. पंचवीस महिने हा खरा मोकळा काळ आहे. स्वतःचे आकडे घालून हे गणित मांडा. निवृत्तीसाठी ठेवलेल्या रकमेला आणि मुलांच्या शिक्षणाच्या पैशाला यात हात लावायचा नाही. हे माझं ठाम मत आहे.

सोडण्याआधी कर्जं फेडा, निदान जास्त व्याजाची तरी. नोकरीबरोबर विम्याचं संरक्षण जाणार असेल तर स्वतःचा आरोग्य विमा नोकरीत असतानाच घ्या. वय वाढल्यावर तो महाग होतो आणि आधीपासूनच्या आजारांना बहुधा थांबण्याची मुदत असते. मानधन मजकूर छापून आल्यावर काही महिन्यांनी हाती येतं हे धरून चाला आणि आलेल्यातला कराचा वाटा त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाका. अगदी सुरुवातीपासून बिल नंबर घालून द्या. मुदत उलटल्यावर मागायला संकोच करू नका, ते पैसे कामाचे आहेत.

ट्रॉलप यांच्याकडे पुन्हा जाते. पहिली कादंबरी १८४७ साली आली, तरी त्यांनी टपाल खातं सोडलं १८६७ साली, ५२व्या वर्षी. साठीआधी सोडल्याने पेन्शनवर पाणी सोडावं लागणार होतं. तितकंच उत्पन्न देईल एवढी रक्कम लेखनातून साठल्यावरच त्यांनी राजीनामा दिला. वीस वर्षं वाट पाहायला हवी असं मी म्हणत नाही. पण "नोकरी सोडल्याने नेमकं काय जाणार आणि त्याच्या जागी काय येणार" हा प्रश्न त्यांनी आकड्यात सोडवला, तसा आपणही सोडवावा.

सही करण्याआधी

प्रताधिकार लिहिल्याक्षणी तुमचा होतो. लेखकांच्या हक्कांबद्दलच्या आंतरराष्ट्रीय बर्न कराराच्या तत्त्वानुसार त्यासाठी नोंदणीची अट नाही. करारात तुम्ही हक्क कायमचा देता आहात की ठरावीक मुदतीसाठी परवाना देता आहात, हे आधी बघा. मुद्रित पुस्तक, ई-बुक, ऑडिओ, भाषांतर, चित्रपट हे सगळे हक्क वेगवेगळे आहेत. जे प्रकाशक वापरणार नाही ते त्याला देऊ नका. रॉयल्टी छापील किमतीवर की प्रकाशकाला मिळणाऱ्या रकमेवर, हिशोब वर्षातून किती वेळा, पुस्तक बाजारात उरलं नाही तर हक्क परत कसे मिळतील, ही उत्तरं कागदावर हवीत. तोंडी बोलण्यावर राहू नका.

छपाईचा खर्च लेखकाकडून मागणारे लोक भेटतील. स्वतःचं पुस्तक स्वतः काढणं हा सरळ मार्ग आहे, त्यात खर्च तुमचा आणि हक्कही तुमचे. पण जिथे खर्च तुमचा आणि हक्क दुसऱ्याचा असेल तिथून उठून या.

घरच्यांशी बोलणं

मी हा विषय काढला तेव्हा स्वप्नाबद्दल बरंच बोलले. नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू नक्की किती महिने पगाराशिवाय राहणार आहेस?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पंधरा दिवसांनी मी वरचं गणित घेऊन बसले, तेव्हा बोलणं पुढे सरकलं. कोणता खर्च कमी होईल, कोणता होणार नाही, किती महिन्यांनी पुन्हा बसून ठरवायचं, हे लिहून काढलं. घरातल्या माणसाची काळजी म्हणजे विरोध नव्हे. आणि एक गोष्ट आधीच स्पष्ट करा: घरी असणं म्हणजे मोकळं असणं नाही. नाहीतर बँकेची, दुरुस्तीची, पाहुण्यांची सगळी कामं तुमच्या लिहायच्या वेळेत येतात. बायकांच्या बाबतीत हे जास्तच घडतं, म्हणून त्या यादीवरही दोघांनी बोलून घ्यावं.

राजीनामा

माझ्या अटी अशा होत्या: वहीत सलग बारा महिने, आठवड्याला निदान चार दिवसांची नोंद. अनोळखी संपादकांनी स्वीकारलेलं निदान पाच वेळचं लेखन. पुन्हा काम देणारे दोन जण. १८ महिन्यांची शिल्लक. शेवटची अट पुरी व्हायला सर्वात जास्त वेळ लागला. तुमच्या अटी वेगळ्या असतील, पण त्या आजच लिहा, मन शांत असताना. कार्यालयात एखाद्या दिवशी अपमान झाला की त्याच संध्याकाळी राजीनामा लिहावासा वाटतो. तेव्हा ही यादी काढून वाचायची.

मधला पर्याय असेल तर तो आधी वापरा: आठवड्याला तीन-चार दिवसांचं काम, बिनपगारी दीर्घ रजा, कमी जबाबदारीचं पद. मी शेवटचे सात महिने आठवड्याला तीन दिवस जात होते. त्या काळात पगार कमी झाला, लेखन दुप्पट झालं आणि कमी पैशांत घर चालवायची रंगीत तालीमही झाली. जाताना काम नीट हाती सोपवा, संबंध राखा. माझं पहिलं मोठं लेखनाचं काम एका जुन्या सहकाऱ्याने सांगून मिळालं.

नोकरी अचानक गेली असेल तर हा सगळा क्रम उलटा होतो. तेव्हा आधी तिसरी वाट धरा, जुन्या ज्ञानावरचं काम, आणि सकाळचे दोन तास लेखनाला बांधून टाका.

पहिलं वर्ष

पहिल्या सोमवारी फार मोकळं वाटतं. तिसऱ्या आठवड्यात कळतं की आठ तास मिळाले म्हणून कुणी आठ तास लिहीत नाही. माझे नवे लेखनाचे तास साडेतीनच्या पुढे कधी गेले नाहीत. उरलेला वेळ वाचन, पत्रव्यवहार, पैशाचं काम आणि चालणं यांना दिला. ठरलेल्या वेळी टेबलाशी बसा, ठरलेल्या वेळी उठा. आठवड्यातून एकदा तरी लिहिणाऱ्या माणसांना भेटा. कार्यालयातल्या गप्पा इतक्या आठवतील असं मला कधी वाटलं नव्हतं.

दर सहा महिन्यांनी घरच्यांसोबत तीन आकडे मांडा: शिल्लक किती महिन्यांची उरली, किती मजकूर पुरा झाला, किती पैसे आले. शिल्लक सहा महिन्यांवर आली की अर्धवेळ काम शोधायला सुरुवात करायची, हे आम्ही आधीच ठरवलं होतं. चौदाव्या महिन्यात ती वेळ आली आणि मी एका छोट्या संस्थेचे हिशोब आठवड्यातून दोन दिवस बघायला लागले. अजूनही बघते. मंगळवार आणि गुरुवार तिथे जातात. उरलेल्या दिवशी वहीत तारीख पडते, त्याखाली वेळ, शब्द आणि कुठे अडलं ते.